मध्यंतरापर्यंत ठीक

फर्स्ट शिफ्ट सुटली की अंबडहून थेट साडेतीनचा शो,
हाताला अजून कूलंटचा वास.

गेल्या आठवड्यातला तलवारींचा,
घोडे चांगले होते. माणसं फार ओरडत होती.
परवाचा भुताचा: भूत बरं होतं,
पण एवढ्या मोठ्या बंगल्यात
एकही बल्ब चाळीस वॅटच्या वर नाही?

आजच्यात हीरो लेथवर.
चष्मा नाही, बाह्या लोंबत्या, जॉब उलटा लावलेला.
मी एकटाच हसलो.
पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं.

मग त्याचा बाप डबा उघडतो,
पोळी मोडतो,
तशीच ठेवून देतो.
संवाद नाही, वाजंत्री नाही.

निकुंभचा फोन: कसाय पिक्चर?
म्हटलं, टाइमपास. मध्यंतरापर्यंत ठीक.

पाथर्डी फाट्याला गाडी उगाच उभी केली.
डिकीतला डबा काढला.
अर्धी पोळी उरलेली,
ती खाल्ली.