भरती

दारावर पाटी लावली: भरती चालू आहे.
खाली बर्फाच्या कारखान्यातला बाबली मान वर करून म्हणाला,
"खोटा कित्याक लिवलंस गो? भरती सव्वाचाराक.
आता सुकती आसा."

पाटी तशीच ठेवली.
पाच माणसांची कंपनी, सहावं हवं होतं.
वेंगुर्ल्याचं बंदर, कारखान्याचा माळा,
खालच्या यंत्राने जमीन दिवसभर बारीक थरथरते,
मुलाखतीला आलेल्याला वाटतं, आपलेच हात कापतायत.

काम आमचं लिलावाच्या हिशोबाचं:
कुठल्या होडीचे किती बांगडे, कोणी उचलले,
कोणाची उधारी मागच्या नारळी पुनवेपासून.

पहिला पुण्याहून आला, बायोडेटा सात पानी.
विचारलं, इथे वाढ कशी होते?
म्हटलं, माडासारखी. सावकाश, आणि जरा वाकडी.
त्याने परतीच्या गाडीची वेळ विचारली.

दुसऱ्याने न सांगताच फळ्यावर झाड काढलं
आणि ते उलटं करून दाखवलं, घाम पुसत.
पाठ करून आला होता बिचारा.
झाड सुरेख होतं.
आमच्याकडे उलटं करायला झाडच नव्हतं.

तिसरी शलाका गिरप.
नऊ वर्षं बंगळुरात, मग परत.
का परत, हे मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.
तिच्यापुढे आमचं खरं दुखणं ठेवलं:
रात्री अकराला सुटलेली होडी पहाटे आली
की तारीख बदलते, आणि प्रोग्राम एका फेरीच्या दोन फेऱ्या धरतो.
कागदावर मासळी दुप्पट. टोपलीत तेवढीच.

तासभर वाचत राहिली.
चहावर साय धरली.
मग म्हणाली, "हे ज्याने लिहिलंय तो घाबरलेला होता.
एकच गोष्ट तीनदा तपासलीय.
कुलूप लावून गेलेला माणूस
परत परत येऊन ओढून बघतो, तशी."

असेल, म्हटलं.
लिहिलं होतं मीच, पहिल्या वर्षी,
बँकेच्या पहिल्या हप्त्याच्या आठवड्यात.

तिने डागडुजी केली नाही.
छप्पन्न ओळी पुसल्या, चार लिहिल्या.
बेरीज जुळली.

मग मी आमचं नेहमीचं सांगायला घेतलं:
इथे सगळं निवांत. दुपारी दोन तास कोणी फोन घेत नाही.
शिमग्यात ज्याच्या दारी पालखी, त्याला सुट्टी, अर्ज नको.
तास मोजत नाही कोणी कोणाचे.

"पहाटे चारला लिलाव अडकला तर कोण उठतं?"
मी.
"दर वेळी?"
नेमकं तेव्हाच खालचं यंत्र थांबलं.
जमीन स्थिर झाली, तरी हात थरथरतच राहिले.
"मग निवांत कोण आहे?"

खिडकीखाली बर्फाची लादी टेम्पोत सरकली,
एवढाच काय तो आवाज.

तिने आकडा सांगितला. मी स्वतः घेते त्याहून मोठा.
आणि एक अट: रात्रीच्या पाळ्या सहा जणांत,
त्यात तुमचं नाव एकदाच, जास्त नाही.
मी हो म्हटलं.
म्हटल्यावर घाबरले, जुन्या सवयीने तीनदा बेरीज केली.

तिच्या पाळीच्या पहिल्या रात्री
चारला जाग आली. फोन उपडा, गप्प.
लांब बंदरावर बोलीचे आकडे चढत होते,
कुठे अडले, पुन्हा चढले.
मी काय झालं ते उघडून पाहिलं नाही.
(पाहिलं. एकदाच.)

पाटी काढायची राहूनच गेलीय.
बाबली रोज खालून वेळ ओरडतो,
आज पाच वाजून पाच.