नफर एक

किल्ल्याच्या खंदकाकाठी, चर क्रमांक चार,
तीन हातांखाली
नागम्माच्या खुरप्याला कवटी लागली.
तिनं खुरपं बाजूला ठेवलं, पदर दातांत धरला,
आणि न सांगता ब्रश उचलला.

वरचे पुढचे दोन दात टोकदार. घासून केलेले.
सरांचं भिंग बराच वेळ तिथंच.
हे इकडचं काम नाही, म्हणाले.
कुणीतरी त्याला मांडीत धरून,
सगळ्या वस्तीसमोर, कौतुकानं केलेलं असेल.

दातात लहानपणाचं पाणी राहतं म्हणे.
पहिली विहीर एकदा मुरली की मुरली;
नंतर किल्ल्यातलं मचूळ प्या, तळ्याचं प्या,
जन्मभर कडक भाकरी चावा,
प्रयोगशाळेला ती पहिलीच सापडते.

हाताशी तीन कवड्या. एक लोखंडी कडी:
बेडीची की लगामाची, ठरत नाही.
मी दोन्ही लिहिलं, पुढं प्रश्नचिन्ह.

मोडी फर्दीत आहे: घोडे सात, उंट दोन,
हबशी नफर एक, नाव मरजान.
मरजान म्हणजे पोवळं.
याकूत माणिक, काफूर कापूर.
विकणारेच ठेवत अशी नावं, मालाला शोभतील अशी.
हाच का तो? सर म्हणाले, लिहू नकोस,
फर्दीत नि थरात शंभर वर्षांचं अंतर आहे.
नाही लिहिलं.

साखर पेठेतल्या शाळेत मला हबशीण म्हणायचे,
केसांवरून.
आई खोबरेल चोपडून वेण्या ओढायची
मिलचा भोंगा व्हायच्या आत,
डोळ्यांच्या कडा ताणेस्तोवर.
हबश हा एक मुलूख आहे
हे चाळिशीत कळलं, चराच्या काठावर उकिडवं बसून.
आणि हा कदाचित तिथलाही नसेल.
काळा दिसला, की लिहिलं हबशी.

नागम्मा म्हणाली,
"ओ बाई, भूक लागली तर ह्यो कुठल्या बोलीत मागत असंल?"
नोंदवहीत तसा रकाना नव्हता.

दुपारी पाल्याखाली चित्र काढलं, एकास एक.
पेन्सिलीला टोक केलं, पुन्हा केलं.
ते दोन दात रेखताना
माझी जीभ माझ्याच दातांवरून फिरत होती,
कुठं काही टोचतंय का बघत.