काठ

गिरणीच्या हापिसातून चित्र आलं ते
जुन्या चादरीत गुंडाळून, हातगाडीवरून,
साखर पेठेतल्या माझ्या दुकानात.
चौकटीला वाळवी. मागच्या पुठ्ठ्यावर शाईनं
मल्लय्या चिप्पा, १९१२.

बंदर आहे कुठलंसं.
शिडं उतरवलेली जहाजं, ओल्या दगडांचा धक्का,
आणि एक माणूस पाठमोरा, काखेत वळकटी.
पाण्यात तांबूस काहीतरी हलतंय,
ऊन म्हणावं तर ऊन नाही.

हा मल्लय्या फार फिरला म्हणे.
कारकून सांगत होता: एडन, नेपल्स, मार्सेय,
मग रंगून, तिथं एका लाकूडवाल्याच्या
गोतावळ्याची तोंडं रंगवली दोन वर्षं.
परतला तेव्हा तेलुगू अडखळत बोलायचा
आणि शेंगाचटणी त्याला तिखट लागायची.
लोकांनी लक्षात ठेवलं ते एवढंच.

चित्र मालकानं घेतलं. किमतीबद्दल दोन मतं आहेत.
मग साठेक वर्षं पगाराची रांग
त्याच्यासमोर उभी राहिली.
कुणी म्हणे मुंबई.
कुणी म्हणे आपलाच सिद्धेश्वर तलाव की,
गड्ड्याचे दिवे पडलेत पाण्यात.
समुद्र पाहिलेला एखादा असेलही,
नाव पुकारलं की तोही पुढं सरके.

मी चौकट सोडवली,
गंजलेला एकेक खिळा, पक्कडीनं, दम खात.
कापड पालथं केलं, बोट फिरवलं.
मी पद्मशाली नाही, पण शेजार त्यांचाच,
खड्डामागाचं विणकाम हाताला कळतं.
विलायती ताग कुठला!
जाड सूत, दुहेरी ताणा, खळ अजून कडक.
आणि चौकटीखाली, रंग पोचला नव्हता तिथं,
दोन बोटं कोरा काठ,
त्यात लाल धागा, धाग्याला एक गाठ,
विणणारा आपली खूण ठेवतो तशी.

म्हणजे बापानं विणून दिलं होतं.
म्हणजे काखेतली ती वळकटी...

एडनच्या उन्हात, नेपल्सच्या भाड्याच्या खोलीत
हे थान तसंच राहिलं असणार,
पोटासाठीची तोंडं दुसऱ्या कापडावर.

सागवानी चौकट केली,
खालून दोन बोटं वाढवून.
कारकून न्यायला आला. लिलावाची घाई.
म्हणाला, हे खाली कोरं का सोडलंत?
मी म्हटलं, काठ आहे तो.
त्यानं चष्मा कपाळावर सारला
आणि बंदराकडेच बघत राहिला.