हातचा

सॉफ्टवेअर फुकट होतं आणि गोडबोलं.
नाव विचारलं, पत्ता विचारला,
डलुथच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलायचे
नगरपालिका मला किती देते ते विचारलं,
आणि दर पानाला हिरवी खूण करून
शाबासकी देत राहिलं.

बाविसाव्या पानावर घोडं अडलं.
लिनेया वर्षातल्या निम्म्याहून जास्त रात्री
तुमच्याकडे राहिली का?
हो. नाही.
'साधारण' असा पर्याय नव्हता.
'एक आठवडा माझ्याकडे, एक तिच्या आईकडे,
मधे वादळ आलं तर जिथे असेल तिथे'
असाही नव्हता.

मदतीचं बटण दाबलं. गोल हसरा चेहरा आला,
प्रश्न थोडक्यात लिहा म्हणाला.
मी लिहिला. त्याने तोच प्रश्न
मोठ्या अक्षरांत मला परत दिला.
फोन लावला तर पियानोची एकच ओळ,
पन्नास मिनिटं.
तेवढ्यात मी दोन अंडी उकडली, सोलली, खाल्ली.
मग कुणीतरी 'हॅलो' म्हणालं
आणि लाइन गेली.

डेपोत इसाकसन म्हणाला, मंगळवारी जा.
लायब्ररीचं तळघर, बॉयलरच्या बाजूचं दार.

तिथे अर्विला प्रुइट बसली होती,
चष्म्यावर चष्मा, पुढ्यात पेपरमिंटची वाटी.
कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं हजेरीपट लिहिलेली बाई.
मी लॅपटॉप उघडला,
तिने तो हलकेच मिटला.
'त्याला राहू दे. कॅलेंडर आहे?'

होतं. फ्रिजवरून काढून आणलेलं,
लिनेयाच्या आठवड्यांना तिनेच काढलेली मांजरं.
आम्ही मांजरं मोजू लागलो.
जानेवारीत ताप आला ती रात्र.
फेब्रुवारीत पहाटे तीनला कामावर बोलावलं,
शेजारच्या मिसेस क्रोगला उठवलं ती.
अर्विला प्रत्येक रात्रीला एक उभी रेघ मारायची,
पाचवी आडवी.
कुठल्याच रात्रीबद्दल तिने जास्त विचारलं नाही.

बेरीज आली एकशे शहात्तर.
मी जॅकेट उचललं.

'बस खाली. हातचे विसरलास.
जुलैत शिबिराला गेली, कुणाच्या आठवड्यात?'
माझ्या.
'पाच रात्री. आणि ही मैत्रिणीकडची दोन?'
माझ्याच.
'मूल कुठेही झोपलं तरी
परत ज्या घरी यायचं होतं, रात्र त्या घराची.
हे मी म्हणत नाही, नियम म्हणतो.'

एकशे त्र्याऐंशी.
गेलं वर्ष लीपचं होतं. तीनशे सहासष्ट रात्री.
बरोब्बर निम्म्या.
बॉयलर एकदा खोकला.

'आणि बरोबरी झाली तर?'
तिने जाड पुस्तक उघडलं, ओळीवर पट्टी ठेवली,
दोनदा वाचली, मग मला वाचायला दिली.
बरोबरी झाली तर
ज्याची कमाई जास्त, त्याच्या खात्यात मूल.

कोरीन दंतवैद्याकडे काम करते.
माझ्यापेक्षा चार हजारांनी जास्त.

मी लॅपटॉप उघडला. 'नाही' दाबलं.
परताव्याचा आकडा जिन्यावरून पडावा तसा खाली आला,
आणि सॉफ्टवेअरने हिरवी खूण केली.
शाबास.

अर्विलाने रेघांचा कागद घडी घालून दिला.
'हा तुझ्याकडे ठेव. सरकारला नको आहे.'
पेपरमिंटही दिलं. मला पेपरमिंट आवडत नाही.
खाल्लं.

गाडीत बसून कोरीनला फोन केला.
सांगितलं, या वर्षी ती तुझ्या फॉर्मवर.
बराच वेळ काही नाही. मग म्हणाली,
'तीन दिवस त्याच पानावर अडकलेय मी.
कॅलेंडरवर तुझे आठवडे पुसट झालेत.'

सरोवरावरून वारा येत होता, काच धुकटलेली.
मी कागद उलगडला, डॅशबोर्डवर टेकवला.
लिहून घे, म्हटलं. माझ्याकडे आहेत सगळे.
आणि तरी अडलं तर
मंगळवारी, चार ते सात.
बॉयलरच्या बाजूचं दार.
जरा जोरात ढकलावं लागतं.