पॉइंट बारा

मिरचीचा हंगाम. दोंडाईचात सगळेच खोकतात,
हमाल, अडते, बँकेतला नवा साहेब,
भिंतीवरची पालसुद्धा खोकत असेल.
स्टेशन रोडला आमचं रिवाइंडिंगचं दुकान,
पाटीवर अजून वडलांचं नाव: भटू तांबट अँड सन.
सन झालाच नाही. मी झाले.

दुपारी हर्षल गिरासे आला,
रुमालात गुंडाळलेली पितळी नळी
टेबलावर ठेवली, आजारी पिलू ठेवावं तशी.
"काय शे हाई?"
"टॉर्च शे, ताई."
"मंग येना उजेड कोठे पडस?"
तो हसला, आणि भर पौषात
दुकानभर कलिंगडाचा वास पसरला.
"बटन दाबं का बुड तापस," म्हणाला. "हात भाजस."

तापणारच.
यात सर्किट नाही, फ्यूज नाही, थांब म्हणणारं कुणी नाही.
सेल, नळी, गुंडाळी. आणि बोट.
जळून आलेल्या मोटारीतही
मी इतकं उघडं काही पाहिलं नव्हतं.

इतका बारीक रोध मोजायचा तर
आधी मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवाव्या लागतात.
दिसेल तो आकडा वायरींचा स्वतःचा.
तो वजा करायचा, उरेल ते खरं.
वडील म्हणायचे, आधी आपला अडथळा वजा कर, बाई,
मग दुसऱ्याचा मोज.
पॉइंट बारा उरलं.
म्हणजे तीस अँपिअर,
ओठांपासून एका वितीवर.
विहिरीवरची मोटार त्याच्या पाव हिश्शात
अख्खं शेत भिजवते.

उघडलं.
आट्यांत काळी मळी, काकवीसारखी चिकट.
स्प्रिंग तापून तापून बसलेली,
पुन्हा उठायचं विसरलेली.
सेल बिघडला तर वाफ जायला बुडाशी तीन भोकं,
आणि तिन्हींवर वाघाचं स्टिकर.
"हाई काय?"
"शो, ताई."
नखाने वाघ खरवडला.

चिंचेचं पाणी, मीठ, जुना टूथब्रश.
आट्यांतून सुती दोरा फिरवत राहिले
पांढरा निघेपर्यंत.
पितळ आधी गुलाबी झालं, मग पिवळं.
स्प्रिंगच्या जागी फुटक्या स्पीकरातल्या
चुंबकाच्या दोन चकत्या, तोंडाला तोंड लावून,
एकमेकींना जन्मभर ढकलत राहतील अशा.

राहिली पिन.
तांबं ड्रॉवरभर पडलंय, आमची जातच ती.
पण सगळ्यात कमी अडवते ती चांदी.
ड्रॉवरच्या तळाशी, झिजलेल्या कार्बन ब्रशांखाली
एक जोडवं होतं.
त्याचं दुसरं शिंदखेड्याला राहिलं,
त्या घरी, न्हाणीत काढून ठेवलेलं.
सात वर्षं हे ना मोडलं, ना घातलं,
ना वामन सोनाराला दाखवलं.
कानशीने टोक कापलं.
आवाज दातांना लागला.
मग डाक.

हर्षल मोबाइल बघत होता. बरं झालं.

सेलच्या अंगावरचं प्लास्टिक फाटलेलं.
खिशात, गाडीच्या किल्ल्यांशेजारी, हा उघडा सेल घेऊन
हे पोरगं महिनाभर नंदुरबार–दोंडाईचा करत होतं,
आणि त्याच्या आईला वाटतं सिगरेट सुटली.
"सेल मनाजोडे राही. नवा लई ये."
"मंग तवलोंग काय ओढू?"
"हवा."

मजुरी दीडशे. चांदीचे लावले नाहीत.
तो रिकामी नळी ओठांना लावून पायऱ्या उतरला,
समोर मिरचीचा ट्रक रिकामा होत होता,
पाचव्या पावलाला खोकला.
मीही खोकले, इकडे, पदर लावून.

उरलेलं जोडवं मीटरला लावलं. उगाच.
सुया टेकवल्या, वजा केलं.
शून्य.
नसेलच असं नाही,
या मीटरला तेवढं मोजता येत नाही.

शेवाळेंची सबमर्सिबल सकाळपासून उघडी पडलीय.
चोवीस खाचे. पहिल्यात तार घातली.