काणीच्या डाव्या बाजूला

नणंद पलीकडच्या बेटावरून मार्चपासून विचारतेय,
"एदेल्मिरा, कधी पाठवू?"
तीन तलंगा राखून ठेवल्यात तिनं,
निळी अंडी घालणाऱ्या कोंबडीच्या पोटच्या.
एकटी आणू नये, हे दोघींनाही ठाऊक;
एकटीला टोचून टोचून मारतात.

मार्चात नको, म्हणाली एदेल्मिरा.
मार्चात पिसं झडतात आमच्यांची,
उघड्या मानेनं फिरतात, चिडक्या.
अशात पाहुण्या कोण आणतं घरात?

जूनमध्ये पाचलाच अंधार,
पाऊस आडवा, खुराड्यात सगळ्या कोंडलेल्या,
आणि कोंडलेल्यांना भांडायला कारण लागत नाही.
(नोल्बेर्तो एका हिवाळ्यात
मासळीच्या कारखान्यातून सुटून घरी बसला होता.
तेव्हापासून तिला हे पक्कं माहीत आहे.)

ऑगस्टात वादळ, बंदर बंद.
सप्टेंबरात सण, शहरातली नातवंडं, त्यांची कुत्री.

"तुझ्या कोंबड्यांना मुहूर्त लागतो की काय?"
नणंद हसली. फोनमध्ये समुद्र वाजत होता.

खरं कारण ती सांगत नाही.
खरं कारण वरच्या दांडीवर एकटं बसतं:
काणी.
नऊ वर्षांची. डावा डोळा रानमांजरानं नेला,
त्या रात्री पाच मेल्या,
ही लाकडांच्या ढिगात उरली.
दोन उन्हाळे झाले, एक अंडं नाही.
तरी दाणे टाकले की बाकीच्या दोघी
तिची पहिली चोच पडेपर्यंत थांबतात.
जाड मानेच्या तिघी तरण्या येतील
आणि आठवड्याच्या आत ओळखतील
की म्हातारीत आता नुसता दरारा उरलाय.

मग काय, तिच्या मरणाची वाट बघायची?
एदेल्मिरानं तसाही हिशेब करून पाहिला एकदा,
बटाटे सोलता सोलता,
आणि सुरी खाली ठेवून उगाच चूल फुंकायला उठली.

शेवटी कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं:
चार ऑक्टोबर, होडीनं येतील.
एकवीस दिवस जाळ्यांच्या खोपटात, वेगळ्या.
शिंक, उवा, विष्ठा रोज बघायची.
मग दहा दिवस अंगणात, मध्ये जुनं जाळं.
बघू देत, शिव्या देऊ देत, अंगाला अंग नको.
दाण्यांची भांडी दोन, लांब लांब.
चार नोव्हेंबर, रात्री, दिवा न लावता.
आणि त्याखाली एकच शब्द, दोनदा अधोरेखित:
डावीकडे.

नोल्बेर्तोनं वाचलं, विचारलं नाही काही.
दांडी एका हातानं लांब करून दिली, खिळे तोंडात धरून.

अंधारात कोंबडी पाणी भरलेल्या मोज्यासारखी जड होते.
एकेक बगलेत घेऊन तिनं चढवली
काणीच्या डाव्या बाजूला,
जिथं काणीसाठी कित्येक वर्षं
काहीच नव्हतं, नुसती रात्र होती.
त्या रात्रीत आता तीन ऊबदार जीव.
काणीनं मान उजवीकडे वळवली,
सगळं जागच्या जागी होतं,
पुन्हा खांद्यात घातली.

सकाळी भांड्यापाशी मात्र
तिनं थोरलीचा तुरा फोडला, रक्त आलं.
एदेल्मिरा राख घेऊन धावली,
मागून नोल्बेर्तोची नुसती "हं".
मधली कुंपणाला चिकटून उपाशी राहिली दिवसभर.
धाकटी तेवढी शहाणी, किंवा घाबरट,
काणीच्या नेमकी डाव्या कुशीला चालत राहिली,
सावली पडते तशी, एक पाऊल मागे.

"रुळल्या का गं?" नणंदेचा फोन.
"बघू," म्हणाली, आणि खिडकीतच उभी राहिली.

संध्याकाळी कुणी न चढवता
धाकटी आपली आपण चढली.
काणी बोटभर सरकली तिच्याकडे.
सरकली, की म्हातारपणी झोक गेला,
इतक्या लांबून सांगता येत नाही.