बोटपाठ

ओउलू, फेब्रुवारी, बाहेर उणे एकवीस.
टेबलावर दोन फोन. त्यांची नावं आम्ही
काळ्या चिकटपट्टीने झाकली होती, म्हणून म्हणायचो
काडीवाला आणि काचेवाला.
काडीवाल्याला मेमरी चौसष्ट एमबी,
कुशीत कार्ड सरकवायची एक फट.
काचेवाल्याला आठ जीबी, आणि बटण एकही नाही.
म्हणजे होतं एक, खाली, बेंबीसारखं.

माझ्या हातात स्टॉपवॉच आणि तक्ता:
किती सेकंद, किती चुका, किती सुस्कारे.
सुस्काऱ्यांचा रकाना मीच वाढवलेला.

सकाळच्या तिघांनी काचेवाल्याला मत दिलं.
त्यातल्या एका विद्यार्थिनीने फोटो बोटाने ढकलला, हसली,
मागे ढकलला, पुन्हा हसली,
तेरा वेळा.
मी सेकंद मोजायचं विसरले.

चौथे आले उर्हो पिक्काराइनेन,
वय अडुसष्ट, बंदरात क्रेन चालवायचे.
त्यांनी काडी उपसली, कानामागे खोचली
सुताराच्या पेन्सिलीसारखी,
आणि अंगठ्यानेच मेनूत उतरले:
सेटिंग, त्यात साधनं, त्यात मेमरी,
मेमरीत पुन्हा मेमरी.
चार मजले खाली गेल्यावर म्हणाले,
“इथे दिवा कोणी लावत नाही का?”

काचेवाला मात्र लगेच जमला.
दोन मिनिटं, शून्य चुका. मी लिहिलं: सोपा.
“सोपा आहे,” तेही म्हणाले. “आता बाहेर चला.”

नियमात बसत नव्हतं, तरी गेलो,
गोठलेल्या नदीवर, पार मधोमध.
त्यांनी हातमोज्यातलं बोट काचेवर टेकवलं.
काच ढिम्म.
पुन्हा टेकवलं.
आठच्या आठ जीबी ढिम्म.
मी ठरल्याप्रमाणे माझ्या फोनवरून रिंग दिली,
तो वाजत राहिला, आणि उर्होंनी
मोजा काही काढला नाही.
मान वाकवली. नाकाने उचलला.
“हॅलो,” ते म्हणाले, तीन हातांवरून,
मला दोनदा ऐकू आलं,
थंडीतून आधी, फोनमधून मग.

तक्त्यात नाकाचा रकाना नव्हता.

परतताना विचारलं, “मेमरी किती पुरते तुम्हाला?”
त्यांनी स्वतःचा काढला, कोपरे झिजलेला,
दहाच मेसेज मावणारा.
अकरावा आला की हटून बसतो: आधी एक काढ.
त्यामुळे दहाही त्यांना पाठ.
पहिला मुलीचा, दोन हजार एकचा: ‘पास.’
चौथा हेल्वीचा: ‘दूध नको, आहे.’
“हा कशाला ठेवलात?”
“तिने यावर लिहिलेला पहिलाच आहे तो.
दर आठवड्याला सगळे वाचतो, कोण जाणार ते ठरवतो.
तुमच्या त्या आठात कोणाला जावंच लागणार नाही.
मग मी ते वाचू कधी?”

अहवालात मी काचेवाल्यालाच वरचे गुण दिले.
चुकले नाही. काड्या गेल्या,
कुठल्या कुठल्या सोफ्यांच्या फटीत पडून.
मग आमची लॅब गेली, तिच्यामागे मी.
तक्ते कोणी नेले, ठाऊक नाही.

पण त्या दुपारी लिफ्टची वाट बघताना
उर्हो माझ्याकडे पाहत हवामानावर बोलत होते,
उजवा हात कोटाच्या खिशात,
आणि खिशात काहीतरी बारीक टिकटिकत होतं,
उंदीर दाणा फोडतो तसं.
“काय चाललंय?”
“हेल्वीला कळवतोय.”
आणि बाहेर काढून दाखवला,
पाठवून झालेला,
न बघता लिहिलेला, एकही अक्षर न चुकलेला:

‘सुटलो. बटाटे टाक.’